जनुक गप्प केलं, पण नेमकं कोणतं?

सहाव्या दिवशी सकाळी इन्क्युबेटर उघडला, तेव्हा आत माझ्या चार प्लेट्स होत्या. दोन कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या. त्यांत पेशींनी तळ पूर्ण झाकून टाकला होता, मुंगी शिरायलाही जागा नाही अशा दाटीने. उरलेल्या दोन प्लेट्समधल्या कर्कपेशींचं एक जनुक मी विषाणूच्या मदतीने, हेअरपिन नावाचा आरएनएचा छोटा तुकडा वापरून, गप्प केलं होतं. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली सगळी मोकळी जमीन दिसत होती. मधूनच दोन-चार पेशी तळाला चिकटलेल्या, बाकीच्या गोल होऊन मीडियाच्या गुलाबी द्रवात तरंगणाऱ्या, मेलेल्या. पुढच्या दोन दिवसांत वेस्टर्न ब्लॉटही झाला, म्हणजे पेशीत ते प्रथिन आहे का ते दाखवणारी तपासणी. प्रथिनाची काळी पट्टी जिथे उमटायला हवी, तिथे कोरी जागा. जनुक बंद पडलं आणि पेशी मेल्या. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी याहून मोठा आनंद नसतो.

लॅबमधल्या सीनियरने फोटो पाहिले. "छान आलंय," म्हणाली आणि लगेच विचारलं, "रेस्क्यू कधी करतेस?"

"ताई, दोन वेगळ्या हेअरपिननी तेच दाखवलंय ना?"

"दोन्ही चुकत असतील तर?"

रेस्क्यू म्हणजे काय, तर गप्प केलेलं जनुक पेशीला परत द्यायचं. मात्र त्याची अक्षरं थोडी बदलून, म्हणजे प्रथिन तेच तयार होईल पण हेअरपिनला ते ओळखू येणार नाही. मग पेशी पुन्हा वाढू लागल्या तर समजायचं, त्या खरोखर त्याच जनुकावाचून मरत होत्या. मला त्या कामाला चार महिने लागले. पट्टी परत आली, ठळक आली. पेशी तरीही मेल्या. त्या दुसऱ्याच कशाने तरी मरत होत्या.

हा निकाल कुठेही छापून आला नाही. असे निकाल छापून येत नाहीत, हीच माझी तक्रार आहे आणि म्हणूनच हा लेख. प्रयोगशाळेत विषाणूच्या मदतीने जनुक गप्प करून मिळालेला निष्कर्ष दुसऱ्या, स्वतंत्र पद्धतीने तपासल्याशिवाय माणसावरच्या औषधचाचणीचा पाया होऊ नये. तपासणीत तो पडला, तर ते पडणंही सर्वांना वाचता आलं पाहिजे. ही शास्त्रज्ञांनी आपापसांत मिटवायची बाब राहिलेली नाही. पैसा लोकांचा आहे आणि चाचणीत शरीर रुग्णाचं आहे.

मुळात ही पद्धत फार सुंदर आहे, हे आधी सांगायला हवं. जनुकातला निरोप आरएनएच्या रूपाने बाहेर येतो आणि त्यावरून प्रथिन बनतं. हा निरोपच मधे फाडून टाकण्याची यंत्रणा पेशीत उपजत असते. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी 1998 साली ती एका सूक्ष्म कृमीत दाखवून दिली आणि 2006 साली त्यांना नोबेल मिळालं. 2002 पर्यंत माणसाच्या पेशीत तीच यंत्रणा कायमची कामाला लावण्याची युक्ती सापडली होती. केसाला लावायच्या आकड्यासारखा दुमडलेला आरएनएचा छोटा तुकडा पेशीला स्वतःच बनवायला लावायचा. पेशी तो कापून त्यातला एकवीस-बावीस अक्षरांचा धागा वापरते आणि त्याच्याशी जुळणारा निरोप शोधून नष्ट करते. हीच ती हेअरपिन. तिचा आराखडा पेशीच्या डीएनएत नेऊन बसवायला विषाणूइतका वाकबगार दुसरा कोणी नाही.

इथे लोक दचकतात. हे काम करणारा लेंटिव्हायरस एचआयव्हीपासून तयार केलेला आहे, असं मी घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई दोन दिवस नीट बोलली नव्हती. तिची भीती मला समजते, पण विषाणूचं काय केलेलं असतं तेही माहीत असायला हवं. 1996 साली नाल्दिनी, वर्मा, ट्रोनो आदींनी हा वाहक तयार केला. पुढच्या आवृत्त्यांत विषाणूचा संसार तीन-चार वेगळ्या प्लाझ्मिडांत, म्हणजे डीएनएच्या छोट्या वर्तुळाकार तुकड्यांत, विभागून टाकला गेला. कवच एकीकडे, आतली यंत्रसामग्री दुसरीकडे, आणि पेशीत जाणारा मजकूर तिसरीकडे. रोग पसरवायला लागणारी कित्येक जनुकं काढूनच टाकलेली असतात. विषाणू एकदा पेशीत शिरतो, आराखडा पोचवतो आणि संपतो. त्याला पिल्लं होत नाहीत.

म्हणून निष्काळजी राहायचं असं नाही. त्याला चढवलेलं दुसऱ्या विषाणूचं कवच जवळपास कुठल्याही पेशीत शिरू शकतं. आत कर्करोगाला अडवणारं जनुक गप्प करणारी हेअरपिन असेल, तर बोटाला टोचलेली सुई ही किरकोळ गोष्ट नव्हे. आपल्याकडे 1989 पासून त्यासाठी नियम आहेत, प्रत्येक संस्थेत जैवसुरक्षा समिती असावी लागते, आणि त्या बैठका निव्वळ सह्यांपुरत्या होऊ नयेत यासाठी मीही वाद घातले आहेत. तरीही माझ्या मते समाजाचं लक्ष चुकीच्या दारावर आहे. हुडमधून, म्हणजे विषाणू हाताळायच्या बंदिस्त कपाटातून, विषाणू निसटण्याची काळजी घेणाऱ्या समित्या आहेत. चुकीचा निष्कर्ष प्रयोगशाळेतून निसटून दवाखान्यापर्यंत जातो, त्याला अडवायला कोणी बसलेलं नाही.

तो निष्कर्ष चुकतो कसा, ते एका हिशेबात दिसतं. हेअरपिनचा धागा सगळीच्या सगळी अक्षरं जुळल्यावरच निरोप फाडतो, असं सुरुवातीला वाटलं होतं. प्रत्यक्षात धाग्याच्या सुरुवातीजवळची सात अक्षरं जुळली तरी तो निरोप दबला जाऊ शकतो. आता अक्षरं चारच. सात अक्षरांचा एखादा ठरावीक क्रम निव्वळ योगायोगाने दर 16,384 अक्षरांमागे एकदा येणार. माणसाची प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे वीस हजार, आणि प्रत्येकाच्या निरोपाला शेवटी शेकडो-हजारो अक्षरांची शेपटी. म्हणजे एका हेअरपिनला शेकडो जनुकांच्या शेपट्यांत आपली सात अक्षरं सापडणार. त्यातल्या सगळ्यांवर परिणाम होत नाही, पण काहींवर होतो, आणि कोणावर झाला ते प्लेटकडे पाहून कळत नाही. 2003 सालीच हे प्रयोगाने दाखवून झालं होतं.

याखेरीज आणखी एक घोळ आहे. पेशीची ही यंत्रणा काही आपल्यासाठी रिकामी बसलेली नसते. तिची स्वतःची शेकडो छोटी आरएनए त्याच दारातून ये-जा करत असतात. 2006 साली मार्क के यांच्या स्टॅनफर्डमधल्या गटाने उंदरांच्या यकृतात, दुसऱ्या एका वाहक विषाणूवरून, वेगवेगळ्या 49 हेअरपिन सोडून पाहिल्या. त्यातल्या 36 हेअरपिननी यकृताला इजा केली आणि 23 मुळे उंदीर दगावले. कुठलं जनुक लक्ष्य होतं याच्याशी त्याचा संबंध नव्हता. हेअरपिनची इतकी गर्दी झाली की पेशीची नेहमीची वाहतूकच तुंबली. तो निबंध वाचल्यापासून मेलेल्या पेशी पाहून मला लगेच आनंद होत नाही.

हे सगळं तज्ज्ञांना ठाऊक होतं. म्हणून तर अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने हेअरपिनचा जो मोठा साठा तयार झाला, त्यात एकेका जनुकामागे साधारण पाच हेअरपिन ठेवल्या गेल्या. पाचांनी एकच साक्ष दिली तर ती बहुधा खरी, असा त्यामागचा विचार. व्यवहारात काय होतं? पाचांपैकी दोन "चालतात", उरलेल्या तीन "नीट गप्प करत नाहीत" म्हणून बाजूला ठेवल्या जातात. कधी ते खरं असतं. कधी त्या तीन हेअरपिन जनुक बऱ्यापैकी गप्प करतात आणि पेशी मात्र मरत नाहीत. त्या तिघींची साक्ष निबंधात येत नाही.

मेल्क या जनुकाची गोष्ट मला म्हणूनच सगळ्यांना सांगावीशी वाटते. स्तनाच्या कर्करोगाचा एक आक्रमक प्रकार आहे, त्याच्यावर नेम धरून मारता येईल अशी औषधं फार थोडी आहेत. 2014 साली एका नावाजलेल्या गटाने लिहिलं, की मेल्क गप्प केलं की या गाठीच्या पेशी विभागू शकत नाहीत. उंदरांतली गाठही वाढेनाशी होते. पुरावा प्रामुख्याने हेअरपिनचा होता. मेल्कला रोखणारं एक औषध तोवर तयार होतं आणि ते रुग्णांवरच्या चाचण्यांत गेलेलं होतं.

मग 2017 साली कोल्ड स्प्रिंग हार्बर या अमेरिकन संशोधन संस्थेत जेसन शेल्ट्झर यांच्या लॅबमध्ये अ‍ॅन लिन आणि ख्रिस्तोफर जुलियानो या दोन पदवीच्या विद्यार्थ्यांनी मेल्क गप्प न करता क्रिस्परने, म्हणजे डीएनए कापणाऱ्या रेण्वीय कात्रीने, कापूनच टाकलं. पेशी पहिल्यासारख्याच वाढत राहिल्या. मग त्यांनी अंगावर काटा आणणारी गोष्ट केली. ज्यांत मेल्क उरलेलंच नाही त्या पेशींवर मेल्कचं ते औषध टाकलं. औषधाने त्या पेशीही तितक्याच मारल्या. औषध काम करत होतं, पण ज्यावर करतं असं सांगितलं होतं त्यावर नव्हे. ते औषध रुग्ण त्या वेळी घेत होते.

पहिल्या गटाने हलगर्जीपणा केला असं मला अजिबात म्हणायचं नाही. मूळ निबंधातल्या काही जणांचा सहभाग असलेल्या कामातूनच त्याच वर्षी छापून आलं, की या पेशींच्या वाढीला मेल्क लागत नाही. असं लिहायला धैर्य लागतं. पेशी अगदी विरळ वाढवल्या तर मेल्कचा परिणाम दिसतो, असंही नंतर काहींनी मांडलं, आणि तो वाद विज्ञानात चालायलाच हवा. मुद्दा क्रमाचा आहे. आधी माणसांवर चाचणी आणि मग हा वाद, हा क्रम उलटा आहे. दोन वर्षांनी शेल्ट्झर यांच्या गटाने चाचण्यांपर्यंत गेलेली किंवा जाऊ घातलेली आणखी दहा औषधं अशीच तपासली. सांगितलेलं लक्ष्य काढून टाकलं तरी ती पेशी मारतच राहिली. त्यातल्या एकाचं खरं लक्ष्य सीडीके-11 हे वेगळंच प्रथिन निघालं.

कोणी म्हणेल, औषध पेशी मारतंय ना, मग कुठून का मारेना? हा प्रश्न मला एका डॉक्टरांनीच विचारला होता. पण लक्ष्य माहीत नसेल तर ते औषध कोणत्या रुग्णाला द्यायचं ते कशावरून ठरवणार? गाठीत मेल्क जास्त आहे का ते तपासून रुग्ण निवडले, तर ज्यांना उपयोग झाला असता ते बाहेर आणि ज्यांना होणार नाही ते आत. शेवटी चाचणी फसणार आणि कामाचं असू शकणारं औषध कचऱ्यात जाणार. दुखणं ज्याच्या अंगावर आहे, त्याचे शेवटचे काही महिने त्यात गेलेले असतात.

आता याच साधनाने काय होऊ शकतं तेही पाहू. सिकलसेल हा आजार आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारमधल्या घराघरांना ठाऊक आहे. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मूल रात्रभर हाडं दुखतात म्हणून रडतं. पण जन्मानंतरचे पहिले काही महिने तेच मूल बहुधा ठीक असतं, कारण त्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन शिल्लक असतं. ही गोष्ट जॅनेट वॉटसन या अमेरिकन डॉक्टरांच्या 1948 सालीच लक्षात आली होती. मोठेपणी ते हिमोग्लोबिन बंद कोण करतं? बीसीएल-11-ए नावाचं जनुक.

आणि हे कसं ठरलं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. आधी माणसांच्या जनुकीय पाहण्यांत, सार्डिनियातल्या लोकांतही, असं दिसलं की या जनुकात विशिष्ट फरक असलेल्यांच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं. 2008 साली विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी माणसाच्या रक्त बनवणाऱ्या पेशींत ते गप्प करून पाहिलं, हिमोग्लोबिन वाढलं. 2011 साली सिकलसेल झालेल्या उंदरांत ते जनुक रक्तपेशींपुरतं काढूनच टाकलं, आजार हटला. तीन वाटांनी आलेले तीन साक्षीदार, एकमेकांना न विचारता तेच सांगणारे. त्यानंतरच बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात लेंटिव्हायरसवर हेअरपिन बसवून ती रुग्णांच्या रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींत सोडली गेली. 2021 च्या सुरुवातीला सहा रुग्णांचे निकाल छापून आले. सहाही जणांच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन टिकून राहिलेलं होतं.

याच कामातला एक टप्पा तर मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. पहिली हेअरपिन सगळ्याच पेशींत चालायची, आणि त्यामुळे मूळपेशीच कमकुवत व्हायच्या, कारण बीसीएल-11-ए त्यांनाही लागतं. या लोकांनी ते झाकलं नाही. हेअरपिनची बांधणी बदलून ती फक्त तांबड्या पेशी तयार होतानाच चालेल अशी केली आणि 2016 साली, आधी काय चुकत होतं त्यासकट, सगळं छापलं. सध्या परदेशात याच जनुकाचं नियंत्रण क्रिस्परने तोडणारा उपचार मान्य झाला आहे, किंमत 22 लाख डॉलर. गडचिरोलीच्या मुलापर्यंत तो कधी पोचेल हा वेगळा आणि मोठा प्रश्न. पण निदान ज्या जनुकावर हा खर्च चाललाय ते जनुक खरं आहे.

मेल्क आणि बीसीएल-11-ए, साधन दोन्हीकडे सारखंच होतं. एकीकडे दुसरा साक्षीदार औषधानंतर आला, दुसरीकडे आधी.

माझ्या म्हणण्यावर आक्षेप आहेत आणि ते वजनदार आहेत. पहिला असा, की क्रिस्पर तरी कुठे निर्दोष आहे? खरं आहे. जनुक पूर्ण कापलं की कधीकधी पेशी त्या जनुकाच्या भावंड-जनुकांना जोर लावायला सांगते आणि उणीव झाकली जाते. शिवाय औषध प्रथिनाला क्वचितच शंभर टक्के रोखतं. ऐंशी-नव्वद टक्के गप्प केलेलं जनुक औषधाच्या परिणामाच्या जास्त जवळचं असतं. म्हणून हेअरपिन फेकून द्या असं मी म्हणतच नाही. दोन्ही पद्धती चुकतात, पण वेगवेगळ्या कारणांनी चुकतात. दोघींनी एकच सांगितलं तर त्यावर विसंबता येतं.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो, कारण तो माझ्या बरोबरीच्यांचा आहे. फेलोशिप पाच वर्षांची. अभिकर्मक परदेशातून यायचे, कस्टममध्ये अडकले तर कोरड्या बर्फातली पेटी वितळून हातात येते. अँटिबॉडीची एक छोटी बाटली तीस-चाळीस हजारांची. अशात "आता दुसऱ्या पद्धतीनेही दाखवा" म्हणणं म्हणजे छोट्या लॅबच्या गळ्यात आणखी एक धोंड. हे मी भोगलेलं आहे. म्हणून माझी मागणी विद्यार्थ्याकडे नाही, पैसे देणाऱ्यांकडे आहे. जैवतंत्रज्ञान विभाग असो की नवं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान, जनुक गप्प करण्याच्या प्रत्येक प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात रेस्क्यू आणि दुसरी पद्धत यांचा खर्च आणि वेळ वेगळ्या ओळीत मंजूर व्हावा. तो इतर कामाला वळवता येऊ नये. 2012 साली अ‍ॅमजेन कंपनीच्या बाजूने सांगितलं गेलं, की कर्करोगावरचे 53 गाजलेले निबंध पडताळायला घेतले तर सहाच टिकले. त्या पडताळणीला लागलेला पैसा आणि वाया गेलेली वर्षं यांच्यापुढे ही एक ओळ काहीच नाही.

चाचणीच्या पातळीवर मागणी आणखी साधी आहे. आपल्याकडे 2009 पासून औषधचाचणीची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करणं सक्तीचं आहे, ती कोणीही पाहू शकतो. त्या नोंदीत एक रकाना वाढवा. या औषधाचं लक्ष्य कोणत्या पद्धतींनी सिद्ध झालं, आणि लक्ष्य नसलेल्या पेशींवर औषध टाकून पाहिलं का? उत्तर "नाही" असेल तर तसं लिहा, आणि रुग्णाच्या संमतीपत्रात मराठीत लिहा. पुष्कळ रुग्ण तरीही सही करतील. दुसरा उपाय उरलेला नसतो तेव्हा माणूस करतोच. पण त्याला कळलेलं असेल.

तिसरी गोष्ट फसलेल्या नोंदींची. पीएचडीचे प्रबंध आता शोधगंगेवर चढवावे लागतात, म्हणजे कोणालाही वाचता येतील असं कोठार आपल्याकडे आयतं तयार आहे. न जमलेले नॉकडाऊन (जनुक गप्प करण्याचे प्रयत्न), न चाललेले रेस्क्यू, पेशी न मारणाऱ्या त्या तीन हेअरपिन, हे सगळं क्रमवारीसह प्रबंधाच्या परिशिष्टात देणं विद्यापीठांनी बंधनकारक करावं. परीक्षकाने त्यासाठी गुण कापू नयेत, उलट ते पान नसेल तर विचारावं. नाशिकमधली एखादी मुलगी उद्या तीच हेअरपिन मागवणार असेल, तर तिची चार महिन्यांची मेहनत वाचेल.

माझ्या प्रबंधात ते पान नाही. लिहिलं होतं. मार्गदर्शक म्हणाले, "व्हायव्हात यावरच अडकशील, काढून टाक." मी काढलं. वाद घालायला हवा होता, घातला नाही, कारण मला लवकर मोकळं व्हायचं होतं. नोंदवही संस्थेच्या कपाटात आहे, निळ्या कव्हरची, तिसरी. त्या दोन हेअरपिनचा एकवीस अक्षरांचा क्रम तिच्यात माझ्या अक्षरात लिहिलेला आहे, आणि खाली तारीख टाकून एक ओळ: प्रथिन परत आलं, पेशी परत आल्या नाहीत. गेल्या महिन्यात मी संस्थेला पत्र लिहून ती पानं सार्वजनिक करायची परवानगी मागितली आहे.